अर्धं राहिलेलं कीर्तन

आमच्या बुवांना मंत्री केलं तेव्हा भांडुपच्या आमच्या टेकडीवर पेढे वाटले गेले आणि पेढा तोंडात असतानाच माझ्या आईनं शंका काढली, की आता गुरुवारचं कीर्तन कोण करणार? बाकी कुणाला हे सुचलंही नव्हतं. बुवा टेकडीवरच्या दत्तमठाचे प्रमुख. वडिलांच्या मागे ती गादी त्यांच्याकडे आलेली. गिरणीत कामाला म्हणून कोकणातून आलेली आमची सगळी आळी त्यांना मानायची. मूल जन्मलं की आधी मठात, मग पाळण्यात. निवडणुकीला ते उभे राहिले तेव्हा आमच्याकडे प्रचार करायची गरजच पडली नाही.

मंत्री झाल्यावरही कीर्तन चुकलं नाही. सरकारी गाडी खाली रस्त्यावर थांबायची. बुवा पायऱ्या चढून वर यायचे, अंगरखा घालायचे, फेटा बांधायचे आणि झांजा हातात घ्यायचे. पेटीवर मी. दिवसभर बँकेत लोकांची कटकट ऐकून डोकं उठलेलं असायचं. त्यांच्या मागे बसून सूर धरला की मी जरा माणसात यायचे.

फेट्याचा रिवाज आमच्याकडे सगळ्यांना पाठ होता. फेटा डोक्यावर आहे तोवर तो माणूस नारदाच्या गादीवर. जख्ख म्हातारीसुद्धा त्याच्या पाया पडणार. फेटा उतरला की बुवाच वाकून थोरांच्या पाया पडायचे. फेटा असताना आई त्यांना ‘बुवा, तुम्ही’ म्हणायची आणि नसताना ‘अरे, जेवलंस काय?’ मंत्री झाल्यावर त्यांनी यात स्वतःची भर घातली. फेटा बांधून सरकारचं काही बोलायचं नाही. कीर्तनानंतर कुणी नळाची तक्रार काढली की ते हातानंच थांबवायचे, आधी फेटा सोडायचे आणि मग ऐकायचे. मला हसू यायचं. नळाच्या पाण्याला कसलं आलंय सोवळं!

मग डोंगराचा प्रश्न आला. आमच्या घरांवरचा कडा सुटत चालला होता. पावसाळ्यात माती वाहून यायची, दगड पत्र्यावर पडायचे. सरकारनं चेंबूरला इमारतीत खोल्या देऊ केल्या, पण आमचे लोक हलेनात. दारावर नोटीस लावली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर पापड वाळत असायचे. इतकी वर्षं पडला नाही तो आताच बरा पडेल, हे सगळ्यांचं म्हणणं. बुवा घरोघर फिरले. आमच्याकडे आले ते बोडक्या डोक्यानं. आईच्या पाया पडले, खाली बसले आणि म्हणाले, की इंजिनिअरांनी मला वर नेऊन भेगा दाखवल्यात, तेव्हापासून जेवण जात नाही.

“ह्या तू मंत्री म्हणान सांगतंस,” आई म्हणाली. “फेटो बांधून सांग, आत्ता उठतंय.”

“देवाच्या तोंडान सरकारची नोटीस मी सांगूचंय नाय, काकी.”

ते गेले आणि मी भडकले. आईवर नाही, बुवांवर. एवढं एक वाक्य फेटा बांधून बोलले असते तर अख्खी आळी उठली असती. माणसं मेल्यावर नियम काय चाटायचाय, असं मी मोठ्यानं बोललेही. तोंड आवर, आई म्हणाली.

पुढच्या गुरुवारी मठ भरला होता. पूर्वरंग झाला. रिवाजाप्रमाणे मध्ये थांबून बुवांना हार घातला, बुक्का लावला. आता उत्तररंगातलं आख्यान सुरू व्हायचं, म्हणून मी सूर धरून बसले होते. बुवांनी हार काढला. मग फेटा उतरवला आणि माझ्या पेटीवर ठेवला. कीर्तन पुरं व्हायच्या आत गादी सोडायची नाही, सोडली तर पुन्हा चढायचं नाही, हे त्यांच्या वडिलांनी घालून दिलेलं. समोर बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. माझा हात भात्यावरच थांबला.

“आता बुवा बोलत नाय,” ते म्हणाले. “तुमच्यातलोच एक बोलता. माका तुमची मढी उचलूक लावू नकात. डोंगर सोडा.”

ते खाली उतरले आणि पुढच्या रांगेतल्या माझ्या आईच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. मग तिच्या शेजारणीच्या. मग तिच्या पलीकडच्या म्हाताऱ्याच्या. आई पाय मागे घ्यायला बघत होती, पण दाटीत तिला हलता येईना. मी रडत होते, सांगायला लाज कसली. घरी आल्यावर आई फळीवरची भांडी खाली काढायला लागली. पावसाळ्याच्या आत आमची आळी चेंबूरला गेली.

बुवा पुढची निवडणूक हरले. डोळे मिटून मत देणारी माणसंच त्यांनी मतदारसंघाबाहेर पाठवली होती. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांना कळलं नव्हतं असं मला वाटत नाही. मंत्रिपद गेलं. कीर्तन आधीच गेलं होतं, तिथे आता त्यांचा शिष्य उभा राहतो. आणि डोंगर काही पडला नाही. इतके पावसाळे झाले, तो आहे तिथेच आहे. आमच्या मोकळ्या झालेल्या जागेवर दुसऱ्या लोकांनी घरं बांधली. चेंबूरची लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावर चढताना आमचे लोक बुवांचा उद्धार करतात. जागा बिल्डरच्या घशात घालायची होती, असंही म्हणतात. बिल्डर काही आला नाही, पण बोलायला काय जातं. आई या सगळ्यात पुढे.

गेल्या वर्षी मी मुद्दाम भांडुपला गेले. बुवा टेकडीच्या पायथ्याशी एका खोलीत राहतात. थकलेत. चहा त्यांनीच केला. मी सरळ विचारलं, की लोक तुम्हाला खोटं म्हणतात, तुम्हाला काहीच वाटत नाही? निदान थोडी तरी दरड खाली आली असती तर… वाक्य मी पुरं केलं नाही, कारण ते माझ्याकडे बघत होते. वरून क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा गलका येत होता.

“वर आता दुसरी माणसा रवतत,” ते म्हणाले. “ती माझा आयकनत नाय. देवाजवळ मी रोज एकच मागतंय. माका असोच खोटो ठेव.”

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती, तशीच चिरत राहिली. पण संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. हल्ली रोजच बसते. लिफ्ट बंद पडली की बुवांना शिव्या घालत सात मजले चढते, हातपाय धुते, आणि बुवांना खोटंच ठेव म्हणून देवाला हात जोडते.