व्हर्ना मावशीने देव निवडला

माझी मावशी व्हर्ना कांगास आमच्या गावच्या टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली आणि दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई. पत्ते तिने जन्मात हातात धरले नव्हते. स्वतःच्या लग्नातसुद्धा ती नाचली नव्हती, असं माझी आई सांगायची. काका बिचारे वऱ्हाडासमोर एकटेच पाय आपटत उभे होते म्हणे. अशी ही बाई साठी ओलांडल्यावर जुगाऱ्यांच्या देवाची पुजारीण झाली. पेल्टो हिल या आमच्या फिनिश वस्तीच्या गावात लोक अजून त्या हिवाळ्याबद्दल बोलतात.

खेळ मुळात आमचा. शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात आम्ही जमायचो. गावातला औषधवाला क्लाइड राउटिओ हा सूत्रधार. तो गोष्ट रचायचा, इथे डोंगर आहे, इथे राक्षसाची गुहा आहे. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आपण काय करणार ते बोलून सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा टाकून ठरायचं. मी चोर होतो. हॉस्पिटलमधली नर्स डोलोरेस तलवारवाली होती. खेळात पुजारी होणारा आमचा गडी डेट्रॉइटला नोकरी धरून निघून गेला, तेव्हापासून जखमा बऱ्या करायला कोणी उरलं नव्हतं, आणि आम्ही दर शनिवारी नुसता मार खात होतो.

वर चर्चमध्ये त्याच वेळी मावशीचा ऑर्गनचा सराव चालायचा. एका शनिवारी भजनाच्या अर्ध्यातच ऑर्गन थांबला. जिन्यावर पावलं वाजली आणि मावशी दारात येऊन उभी राहिली.

"लेनी, ते दार उघडू नकोस."

"कुठलं दार, मावशी?"

"तुमच्या गोष्टीतलं. कधीची ऐकतेय मी वरून. क्लाइड सारखा सांगतोय की दाराखालून वारा येतोय, आणि तुम्ही आपले भांडताय कुणी आधी शिरायचं म्हणून. अरे, शिराल कशात?"

क्लाइडने पेन्सिल खाली ठेवली. दारापलीकडे त्याने खोल दरी ठेवली होती, आणि आम्ही तिच्यात पडण्याची तो मोठ्या आनंदाने वाट बघत होता.

"व्हर्नाबाई," तो म्हणाला, "बसा."

"मी फक्त कॉफी घेईन." मावशी बसली. कॉफी संपली तरी उठली नाही. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे पुजारीण होती, तिला पांढरा झगा होता, हातात चांदीचा कंदील होता, आणि एकच गोष्ट राहिली होती.

"देव," क्लाइड म्हणाला. "पुजारीण आहात, तर कुणाची ते ठरवावं लागेल. देव नसेल तर चमत्कार नाही."

मावशीचा चेहरा गंभीर झाला. "कोण कोण आहेत?"

क्लाइडने हे देव स्वतः रचले होते, त्यामुळे तो खुलला. आधी औल्डा, सुगीची माता, दयाळू, सगळ्यांची हाक ऐकणारी.

"सगळ्यांची?" मावशीने विचारलं. "मग तिची लाइन कायम बिझी असणार. पुढे."

केरन, सूर्याचा आणि न्यायाचा देव, खोटं खपवून न घेणारा.

"हा आमच्या एक्सचेंजमधल्या सुपरवायझरसारखा आहे. रागावला की बोलतो की नुसता बघतो?"

"नुसता बघतो."

"तोच. नको."

मग मोर्वा, मरणाची बाई, शांत, कधीही आवाज न चढवणारी. मग समुद्राचा देव, लोहारांचा देव, आणि सगळ्यात शेवटी हास्क, जुगाऱ्यांचा आणि चव्हाट्यांचा. त्याच्याबद्दल क्लाइड घाईघाईने एवढंच म्हणाला, "हा तुमच्या कामाचा नाही."

"मला एक आठवडा दे," मावशी म्हणाली.

"अहो, खेळ आहे हा."

"असेल. पण देव निवडायचाय, बटाटे नाही."

तो आठवडा मला झोप लागू दिली नाही तिने. मी हार्डवेअरच्या दुकानात फावडी विकत उभा असायचो आणि फोन वाजायचा.

"लेनी, मोर्वाच्या पुजारणींना लग्न करता येतं का?"

"मावशी, समोर गिऱ्हाईक आहे."

"मग त्याला विचार."

गिऱ्हाईक म्हणजे म्हातारा वाइनो, छपरावरचा बर्फ ओढायला लांब दांड्याचं फावडं घ्यायला आलेला. मी विचारलं. तो विचार करून म्हणाला, "करू नये. मरणाच्या घरात आधीच माणसं फार असतात." मी तसंच्या तसं फोनवर सांगितलं. मावशीला ते पटलं. दुसऱ्या दिवशी वाइनो काही न घेताच दुकानात आला आणि विचारायला लागला, "काय ठरलं मग तिचं?"

पण मावशीला खरी टोचणी वेगळीच होती. माझ्यापुढे दुसरा देव नको, ही पहिली आज्ञा तिने लहानपणी फिनिश भाषेत पाठ केली होती. शेवटी गुरुवारी ती मला बरोबर घेऊन पास्टर लेह्टोंकडे गेली आणि कोटसुद्धा न काढता तिने सगळं सांगून टाकलं.

पास्टरांनी ऐकून घेतलं. "नाताळच्या नाटकात हेरोद राजा कोण होतो दरवर्षी?"

"मार्टिन साल्मी."

"बाळांच्या कत्तलीचा हुकूम देतो तो. मी त्याला कधी प्रसादाच्या पंगतीतून उठवलंय?"

"मार्टिनला हेरोद आवडत नाही पास्टर. मला हे देव आवडायला लागलेत."

मावशी खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर बर्फ काढणारी गाडी गल्ली साफ करत चालली होती. एकाएकी मावशी उठून उभी राहिली, आणि तिच्या गालांवर असा रंग चढला की मला वाटलं, ताप आला की काय.

"म्हणजे चांगला देव घ्यायचाच नाही," ती म्हणाली. "औल्डा घेतली तर एखाद्या रविवारी ऑर्गनवर बसल्याबसल्या तिची आठवण यायची माझ्या मनात. तसं नको. ज्याच्यापुढे मी खरोखर कधीच गुडघे टेकणार नाही, असाच घ्यायचा. लबाड. उनाड. लेनी, तो शेवटचा कोण होता रे?"

पास्टर लेह्टो हसायला लागले ते त्यांना थांबता येईना.

शनिवारी तिने क्लाइडला सांगितलं, "हास्क."

"व्हर्नाबाई, तुम्हाला त्याचा नियम माहीत नाही. त्याच्याकडे मागायचं तर आधी आपलं काहीतरी पणाला लावायचं. फासा तुमच्या बाजूने पडला तर मागणं पूर्ण. नाही पडला तर पणाला लावलेलं गेलं. आणि नेमके दहा पडून बरोबरी झाली तर तो देतोही आणि घेतोही."

"छान," मावशी म्हणाली. "निदान हिशेब तोंडावर सांगतो."

त्याच दुपारी आम्ही गोठलेल्या तळ्यावर हिमसर्पाच्या तावडीत सापडलो. मी असा खेळ त्याआधी पाहिला नव्हता. मावशीने पहिल्याच झटक्याला चांदीचा कंदील पणाला लावला, फासा टाकला, जिंकली, आणि सर्पाच्या पोटाखालचा बर्फ तडकला. डोलोरेसची जखम भरायला तिने पायातले बूट पणाला लावले. हरली. पुजारीण बर्फात अनवाणी. "चालेल," मावशी म्हणाली, आणि टेबलाखाली तिने खरोखरच आपले बूट काढून बाजूला सरकवले. मग सर्पाने मला जबड्यात धरलं.

"चोर मेला," क्लाइड हळूच म्हणाला. "आता कुणी काही केलं नाही तर मेलाच."

"मी माझा आवाज लावते."

"आवाज गेला तर मंत्र कसे म्हणणार?"

"ते माझं मी बघीन. पोरगा सर्पाच्या तोंडात आहे आणि तू मला मंत्र विचारतोस?"

वीस बाजूंचा फासा तिने दोन्ही हातांत घोळवला आणि टाकला. तो टेबलावरून उडाला, गडगडत जाऊन रेडिएटरखाली शिरला. आम्ही चौघं गुडघ्यांवर आलो. डोलोरेसने डोकं जमिनीला टेकवून आत बघितलं.

"काय आहे?" क्लाइड ओरडला. "अगं, आकडा सांग ना."

"दहा. बरोबरी," डोलोरेस म्हणाली.

हास्कने दिलं आणि घेतलं. मी सुटलो, सर्प तळाशी गेला, आणि मावशीची पुजारीण मुकी झाली.

पुढच्या शनिवारी मावशी तोंड घट्ट मिटून आली. क्लाइड म्हणाला, "अहो, मुकी ती झालीय, तुम्ही नाही." मावशीने बोट हलवून नाही म्हटलं. आयुष्यभर फोनवर बोलून पोट भरलेली बाई, पण तळघरात कितीतरी शनिवार शब्द काढीना. पूल म्हणजे दोन हात आडवे, राक्षस म्हणजे गाल फुगवून डोळे वटारणं. तिचे हातवारे ओळखण्यात आमची अशी चढाओढ लागे की डोलोरेस नि मी एकमेकांच्या अंगावर ओरडायचो. मावशी कधी इतकी हसताना मी पाहिली नव्हती, आणि तेही आवाज न करता.

घोटाळा तिथेच झाला. चर्चच्या समितीचा अध्यक्ष एल्मर निस्कला बॉयलर बघायला खाली उतरला, तेव्हा चर्चची ऑर्गनवाली खुर्चीवर उभी होती, डोळे मिटलेले, हात पसरलेले, आणि अंगाला नागासारखे वेढे देत होती.

"व्हर्ना," एल्मर म्हणाला, "बरी आहेस ना?"

मावशीने एक डोळा उघडला, ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा परत मिटला.

टीव्हीवर तेव्हा हा खेळ सैतानाचा आहे असं रोज कोणी ना कोणी सांगत होतं. रविवारी दुपारपर्यंत व्हर्ना कांगासला मुक्या भुताने धरल्याचं अख्ख्या पेल्टो हिलला कळलं, आणि लगेच सभा बोलावली गेली.

सभेला बाकं भरून माणसं आली. एल्मरने एक पत्रक वाचून दाखवलं आणि मग थेटच विचारलं, "या खेळात दुसऱ्या देवांची पूजा करतात, हे खरं की खोटं?"

मावशी माझ्या नि क्लाइडच्या मध्ये बसली होती. ती क्लाइडच्या कानाशी वाकली आणि कित्येक शनिवारांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "सभा खेळात धरत नाहीस ना?" क्लाइडने मान हलवली. मग ती उठली.

"खरं आहे, एल्मर. माझ्या देवाचं नाव हास्क. जुगाऱ्यांचा आहे. लबाड आहे, त्याला देऊळ नाही, त्याने माझे बूट घेतले आणि वाचा घेतली. मी मुद्दामच असा शोधला. रविवारी मी इथे कुणासाठी वाजवते ते मला पक्कं माहीत आहे, आणि त्या दोघांत माझी गल्लत व्हायला नको होती. आता तू सांग. हॉकीच्या मॅचला डेट्रॉइटसाठी तू हात जोडून बसतोस, तेव्हा कुणाकडे मागत असतोस?"

मागच्या बाकावर म्हाताऱ्या वाइनोला हसू फुटलं, आणि मग अर्ध्या सभेला. तरी मतं विरोधातच पडली, थोड्याच फरकाने. खेळ तळघरातून हलवायचा असं ठरलं. कोणीतरी म्हणालं, ऑर्गनवालीही बदलावी. पास्टर लेह्टोंनी शांतपणे विचारलं, "मग येत्या रविवारी कोण वाजवणार?" सगळे छताकडे बघायला लागले. तो विषय तिथेच संपला.

बाहेर पडताना मावशी म्हणाली, "शनिवारी माझ्याकडे या. बूट दारात काढा."

तिच्या बैठकीच्या खोलीत त्याआधी कॉफीचा कपसुद्धा बशीशिवाय ठेवायची सोय नव्हती. त्या शनिवारी तिथे आमचे नकाशे पसरले, फासे पसरले, आणि नीसूच्या, म्हणजे आमच्या वेलदोड्याच्या गोड पावाच्या, ताटलीभोवती आम्ही बसलो. तेवढ्यात दार वाजलं. दारात एल्मरची बायको एस्थर.

"एल्मरने पाठवलंय," ती म्हणाली. "तुम्ही काय करता ते बघून ये म्हणून. मी आपली कोपऱ्यात बसते."

मावशीने तिला खुणेने खुर्ची दाखवली. मग ती क्लाइडकडे वळली, गळ्याला हात लावला आणि तो हात पुढे पसरला. आवाज परत हवा होता.

"पणाला काय?" क्लाइडने विचारलं.

मावशीने पांढरा झगा उतरवून देण्याची खूण केली. पुजारीणपणच लावत होती ती. हरली असती तर देवही गेला असता.

फासा टेबलावर पडला, एका कोपऱ्यावर भिरभिरला आणि बसला. वीस. त्याच्यावर आकडाच नाही. पण आधी ओरडलं कोण, तर एस्थर. ती खुर्ची पाडून उभी होती आणि दोन्ही मुठी हवेत होत्या. मावशीने इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं, राक्षसाला, क्लाइडला, आणि ज्याला मी राक्षस समजत होतो त्या पुलाच्या खुणेबद्दल मलाही.

आवरल्यावर एस्थरने खुर्ची सरळ केली. बराच वेळ ती ताटलीतले पावाचे कण बोटाने टिपत राहिली.

"व्हर्ना, समजा कुणाला नव्याने यायचं असेल. त्यालाही देव निवडावा लागतो का?"

"पुजारीण व्हायचं असेल तर."

"आणि ते किती वेळ चालतं?"

"माझं आठवडाभर चाललं. एल्मरला जेवायला कधी लागतं?"

"सहाला."

"मग बस," मावशी म्हणाली आणि तिने किटली परत चुलीवर चढवली. "क्लाइड, सुरुवातीपासून सांग. आणि शेवटच्याला घाईत उरकू नकोस."

एस्थरने मोर्वा निवडली, मरणाची शांत बाई. का, ते तिने सांगितलं नाही, आणि एल्मरला काय सांगितलं तेही आम्हाला कधी कळलं नाही. एवढं खरं की तो पुन्हा या विषयावर बोलला नाही, आणि वसंतात बर्फ वितळेपर्यंत मावशीला बैठकीत दुसरं टेबल मांडावं लागलं.