न फोडलेल्या कणग्या

धरमपेठेत चष्म्याची काच बदलायला बसलो होतो, तेव्हा हुडकेश्वरहून लांजेवार वहिनींचा फोन आला. "भाऊ, हे गेले," एवढंच म्हणाल्या. सकाळी चहा घेतला, पेपर चाळला आणि खुर्चीतच... लांजेवार साहेबांना कुणाकडून सेवा करून घेणं कधी जमलं नाही, जातानाही जमलं नाही. याला पाच आठवडे झाले. मी रडका लेख लिहायला बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. ज्याच्या हाताखाली मी फौजदारकी शिकलो तो माणूस जिंकून गेला, आणि ते मला चार लोकांत मिरवायचं आहे.

साहेब खाप्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. मी कारकुनाचा मुलगा, जंगल पाहिलं ते थेट वर्दीत. पूर्वेकडच्या त्या जंगलात आमचं ठाणं होतं आणि बंदुका घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांशी आमची गाठ होती. मी तापट, साहेब थंड, आणि त्यांच्या थंडपणानं मी आणखीच तापायचो. एका दुपारी रस्त्यात पुरलेल्या सुरुंगानं आमची जीप उडाली आणि ड्रायव्हर शामराव गेला. त्याच्या डब्यात माझा घास असायचा. तिसऱ्या दिवशी वरून हुकूम आला: रस्त्याकाठचं गाव टोळीला जेवू घालतं, तेव्हा गाव खाली करा, धानाच्या कणग्या फोडा, एक दाणा शिल्लक ठेवू नका. खोटं कशाला बोलू, मला तो हुकूम गोड लागला.

तिथे आम्ही घरामागे टाकलेल्या पत्रावळी मोजायचो. घरातल्या तोंडांपेक्षा पत्रावळी जास्त, म्हणजे टोळी जेवून गेली, असा आमचा साधा हिशोब. हुकूम घेऊन गावात शिरलो त्या सकाळी एका घरामागे मला तीस सापडल्या, घरात माणसं सहा. मी साहेबांना जवळजवळ ओढतच नेलं. ते उकिडवे बसले, एकेक पत्रावळ उलटीसुलटी करून पाहिली.

"याच्यात ह्या एवढ्याशा काहून आहेत गा? बंदुकवाले लेकरं घेऊन जेवाले येतात काय?"

घरातली म्हातारी वारली होती. तिच्या दिवसांच्या जेवणाला आजूबाजूच्या गावांतून सगेसोयरे लेकराबाळांसकट येऊन गेले होते. माझं तोंड एवढंसं झालं. पण तेवढ्यात घरधनी म्हातारा कुणी न विचारता बोलून गेला, "हे जेवण आमचं होतं. पण ते बी येतात. बंदूक दाखवतात, आमी भात देतो. तुमच्या हातात बी बंदूक आहे, तुमाले बी देऊ."

म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो! गाव टोळीला खरोखर जेवू घालत होतं. "ऐकलंत ना?" मी म्हणालो, "आता तरी फोडू कणग्या?"

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुह्या दारात धा बंदुका आल्या तं तू काय करशील? भातच टाकशील ना. अन् उद्या याइच्या घरात दाणा नसला, तं याइचे पोरं कोणाकडे जातील? आपल्याकडे?"

"शामरावच्या बायकोला मी काय सांगू?" मी सगळ्यांसमोर ओरडलो. पुढचा सुरुंग फुटला तर मेलेले सगळे त्यांच्या माथी येणार, हे साहेबांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. हुकूम पाळला नाही, निर्णय माझा एकट्याचा, असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून वर पाठवलं. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागलो.

तीन आठवड्यांनी त्याच रस्त्यानं आम्ही अकरा जण ट्रकनं परतत होतो. त्या म्हाताऱ्याची सून डोक्यावर मोळी घेऊन समोरून आली, मोळी रस्त्यात आडवी टाकली आणि तिच्यावर बसली. मी उतरलो, वाट्टेल ते बोललो. ती पुढे, रस्त्याखालच्या मोरीकडे बघत राहिली. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोरीखाली उकरलं, तर सुरुंग! टोळीला कळलं असतं तर त्या बाईचं काय झालं असतं हे मी इथे लिहीत नाही.

ठाण्यावर आलो, सगळं सांगितलं आणि 'बघ, मी म्हणत होतो' हे ऐकायला खाली मान घालून उभा राहिलो. साहेब म्हणाले, "बाईचं नाव कुठंच येऊ देऊ नको. ट्रक बिघडला म्हणून थांबलो अन् सुरुंग दिसला, असं लिही."

"पण साहेब, हाच तर तुमचा पुरावा आहे..."

"मले पुरावा पायजे, का तिले जीव?"

मी ट्रक बिघडल्याचं लिहिलं. महिन्याभरात साहेबांची बदली झाली, गोदामाच्या चाव्या सांभाळायला. बढती अडली ती निवृत्तीपर्यंत अडलीच. कमजोर अधिकारी, असा शेरा लागला आणि तो त्यांनी मुकाट सोसला. ती बाई आता हयात नाही. तिच्या मुलाला विचारून, तो हो म्हणाल्यावर, आज पहिल्यांदा उघड सांगतो: ट्रक बिघडला नव्हता. आम्ही अकरा जण त्या न फोडलेल्या कणग्यांमुळे घरी आलो. माझ्या नातीचं बारसं झालं ते त्यामुळे.

निवृत्तीनंतर रविवारी सकाळी हुडकेश्वरच्या त्यांच्या पुढच्या खोलीत नवे फौजदार येऊन बसत, प्रश्न विचारत. परवाच्या रविवारीही आले. वहिनींनी सतरंजी घातली आणि मला म्हणाल्या, "भाऊ, आता तुमीच बसा." मी ही हकिगत सांगितली. एका फौजदार मुलीनं विचारलं, "सर, त्या बाईनं रस्ता अडवला नसता तर?"

मी म्हणालो, तसंही घडलंय. दुसऱ्या एका गावाला आम्ही असंच सोडलं, तिथे कुणी रस्ता अडवला नाही, आणि सुरुंगात आमचे दोघे गेले. साहेबांनी ते कधी लपवलं नाही. त्या दोघांच्या घरी ते दर दिवाळीला जात.

"मग? तरी कणग्या फोडायच्या नाहीत?"

"नाही," मी म्हणालो. त्या दोघांची नावं घेऊन आयुष्यभर साहेबांशी याच एका गोष्टीवरून भांडलो, आणि आता त्यांच्या खोलीत बसून माझा आवाज जरासुद्धा चढला नाही.