तीन वाट्या लगदा

नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कागद गिरणीचा वास माझ्या ओढण्यांत इतका मुरलेला असायचा, की घरात पाऊल टाकताच आई मला आधी न्हाणीत पिटाळायची. आता तोच वास कुठे मिळाला तर मी थांबून घेईन. हसू नका, खरंच सांगते.

तिथे मी लॅबमध्ये होते आणि ज्यांना सगळी गिरणी चाचा म्हणायची, ते डायजेस्टरवर. डायजेस्टर म्हणजे दोन मजली उंच कुकरच. कर्जतकडून आलेल्या सुबाभळीच्या ढलप्या त्यात कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात वाफेवर शिजवायच्या, की त्यांचा लगदा होतो. कच्चा राहिला तर पुढे मशिनवर कागद फाटतो, जास्त शिजला तर कागदात जीव राहत नाही. चाचा मिरजगावचे, बिनसाखरेचा चहा पिणारे, आणि लगद्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. घाणा शिजत आला की ते नमुना काढायचे आणि मला हाक मारायचे. "डोळं मिट, डोळ्याला सगळंच शिजल्यालं दिसतं," असं सांगून त्यांनीच मला चिमटीत लगदा चोळायला शिकवलं होतं. मी चोळत असले की विचारायचे, "झालंय का गं?" मी सांगायचे, मग ते स्वतः चोळायचे आणि मान डोलवायचे. इतकी वर्षं झाली तरी रोज माझी परीक्षा कसली घेतात, म्हणून मी मनातल्या मनात धुसफुसायचे.

मग साहेबांनी कॉम्प्युटरवर एक खोटा डायजेस्टर आणवला. लाकूड किती ओलं, वाफ किती, वेळ किती, हे भरलं की आत काय चाललंय ते पडद्यावर दिसायचं. एक ढलपीही न नासवता हवे तेवढे घाणे शिजवून बघा. वाफ वाचायला लागली, लगदा सारखा येऊ लागला. मला तो प्रकार भारी आवडला होता, खोटं कशाला बोलू?

पण साहेबांनी फर्मान काढलं, की डायजेस्टरवरच्या प्रत्येकाने या पडद्यावर परीक्षा द्यायची आणि नापास होईल त्याने लाकडाच्या यार्डात जायचं. परीक्षा घेणार मी.

चाचा पहिल्याच घाण्याला खुर्चीतून उठून दाराकडे चालू लागले. कुठे, तर नमुना बघायला! मी म्हटलं, अहो चाचा, पडद्यातला लगदा बाहेर कुठे मिळणार? ते परत येऊन बसले, पुन्हा उठले, आणि वेळ संपली. माझं डोकं फिरलं, त्यांच्यावर नाही, त्या पडद्यावर. रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरलेली, आता या वयात यार्डात ऊन खात उभं राहायचं? साहेबांशी भांडून मी त्यांच्यासाठी आणखी एक संधी मिळवली.

दुसऱ्या दिवशी मी तीन वाट्या भरून आणल्या. एकीत कच्चा लगदा, एकीत नीट शिजलेला, एकीत जास्त शिजलेला. पडद्यावरचा घाणा जितका शिजला असेल, तशी वाटी पुढे करायची. स्वतःच्या अकलेवर मी जाम खूश होते.

चाचांनी नमुना मागितला. मी कच्च्याची वाटी दिली. त्यांनी डोळे मिटून चोळलं, बराच वेळ चोळलं. लगदा इतका खरबरीत होता, की मी नुसत्या स्पर्शाने ओळखला असता. मग त्यांनी डोळे उघडले, वाटीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "झालंय का गं?"

हाताला लागत नाही का, असं मी हळूच विचारलं.

"शुगरनं बोटं गेली," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली, तुज्याच बोटांवर चाललंय."

मी म्हटलं, कुणाला कळतंय, मी पास लिहून टाकते, पुढेही मी सांगत जाईन. ते चिडले. माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "तू न्हाई आलीस त्या दिशी काय करू? कच्चा माल फुडं सोडू? नापास लिव्ह." मी लिहीपर्यंत ते मागे उभे राहिले. मी रडत रडत लिहिलं.

यार्डात ते बरे रमले. सुबाभूळ किती वाळली आहे ते नुसत्या सालीवरून सांगायचे, आणि मी ते पडद्यात भरायचे. पण ते यार्डात गेल्यानंतरचा पहिला सोमवार काही केल्या विसरत नाही. डायजेस्टरवर आता मीच नमुना काढला, डोळे मिटून चोळला. लगदा शिजला होता, बोटांना पक्की खात्री होती. तरी मी तशीच उभी राहिले, कुणीतरी विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "झालंय, चाचा," आणि घाणा पुढे सोडायचं बटण दाबलं.