हायकोर्ट आत्या आणि अत्तरवाला

दोन वस्तू शेजारी दिसल्या की त्यांचा निकाल लावल्याशिवाय आमच्या आत्याला चैन पडायचं नाही. दोन कारली असोत, दोन नवऱ्या असोत, नाहीतर वडीगोद्रीच्या फाट्यावर एकामागोमाग येऊन थांबलेल्या दोन एसटी गाड्या असोत. ती पदर खोचून आधी दोन्हींकडं नीट बघायची, मान जराशी कलती करायची आणि सांगायची, ही बरी. का बरी, तेही सांगायची. कुणी विचारलंय की नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नसे. लग्नाच्या पंगतीत बसली की इथलं वरण बरं की मागच्या लग्नातलं, याचा निकाल ती यजमानीणबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं द्यायची. तिच्या शेजारी बसायचं म्हणजे आम्हा भाच्यांना घाम फुटायचा. "इन्साफ बराबर पाहिजे," ती म्हणायची, "मंग माणूस आपला असो का परका."

तिचं नाव हायकोर्ट ठेवलं होतं ते तिच्याच नवऱ्यानं, म्हणजे आमच्या मामांनी. अंबडच्या कोर्टात तारखांवर तारखा पडतात, आमच्या हायकोर्टात मात्र सकाळी केस आली की भाकरी भाजून व्हायच्या आत निकाल, असं ते पाहुण्यांना सांगायचे. सांगताना त्यांना बायकोचं कौतुक लपवता यायचं नाही. आत्या आतून ओरडायची की चहा ठेवलाय, उगी वकिली करू नका.

मामांबद्दलही सांगायला पाहिजे, कारण आत्याची सगळ्यात मोठी केस त्यांचीच. मामा अंगानं धिप्पाड, आवाज विहिरीत घागर बुडावी तसा खोल, आणि स्वभावानं लोणी. बैलाला चाबूक उगारायचा झाला तर आधी त्याची समजूत घालतील. पालीला तर इतके भ्यायचे की भिंतीवर पाल दिसली की अंगणात जाऊन उभे राहायचे आणि आत्याला हाक मारायचे. असा हा माणूस गावच्या जत्रेत दरवर्षी विषारी अत्तरवाला व्हायचा.

गावच्या मंडळींनी बसवलेलं ते संगीत नाटक होतं. ज्यांच्या खोट्या साक्षीनं भाऊ फासावर गेला, त्या माणसांना शोधत एक अत्तरवाला गावोगाव फिरतो. गोड गळ्यानं गाणं म्हणत तो एकेकाच्या मनगटावर अत्तर लावतो, आणि तो माणूस दुसरी सकाळ बघत नाही. पेटी, तबला, काळा अंगरखा, डोक्याला जरीची पगडी. मामांनी पहिली तान घेतली की पुढं बसलेली पोरं आयांच्या मांडीत तोंड खुपसायची.

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असे. जत्रेच्या दुसऱ्या दुपारी देवळापुढं गावजेवणाची पंगत बसायची आणि अत्तरवाल्यानं तीच पगडी घालून, हातात खऱ्या अत्तराची कुपी घेऊन पंगतीतून फिरायचं, अशी गावची रीत होती. लोकांनी बिनधास्त मनगट पुढं केलं तर नट नापास. हात मागं घेतला, पदराखाली लपवला, मांडीखाली दाबला तर पास. लोक हसत हसतच हात लपवायचे, पण लपवायचे. पाटलांच्या म्हाताऱ्या आईनं तर एका वर्षी चक्क पत्रावळ घेऊन जागा बदलली. मामा असे पंगतीच्या टोकापर्यंत पास होत होत जायचे आणि टोकाला आत्या बसलेली असायची. ती शांतपणे हात पुढं करायची. एक नाही, दोन्ही. वर म्हणायची की कुडत्याला बटन नीट लावा.

मामा हसून अत्तर लावायचे, पण त्यांचा चेहरा उतरायचा, ते सगळ्या गावाला दिसायचं. मी एकदा आत्याला म्हटलं की नवऱ्यासाठी एवढं नाटक करायला तुझं काय जातं? ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, "पालीला भिऊन अंगणात उभा राहिलेला माणूस हाये तो. मी कशी भिऊ? खोटा हात वढून काय करू?"

आणि मग नव्वदच्या थोडं अलीकडं-पलीकडं त्याच नाटकावर सिनेमा निघाला. मी तेव्हा नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत टायपिस्ट होते आणि स्टेशनजवळ खोली घेऊन राहात होते. सिनेमा जालन्याला लागला, गावची पोरं मोटारसायकलींवरून बघून आली, आणि गावात एकच चर्चा सुरू झाली. पडद्यावरच्या अत्तरवाल्याचे डोळे काय, चाल काय, गाणं काय. पोरांनी कॅसेट आणली, ती दिवसभर वाजू लागली. यंदा अत्तरवाला असाच पाहिजे, मामांचा जुना झाला, असं कुणीतरी पारावर बोललं आणि ते मामांच्या कानावर गेलं.

मामा भांडले नाहीत. त्यांनी जरीची पगडी कपाटावरून काढली, आत्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "तू जाऊन बघून ये. तो सरस निघाला तर ही पगडी त्या पोरांना देऊन टाकतो. पण खरं सांगायचं."

आत्या दुसऱ्याच दिवशी एसटीनं जालन्याला आली. पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी, आणि चटणीच्या डब्याशेजारी रुमालात गुंडाळलेली अत्तराची कुपी. कुपी कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, "परीक्षा एकाची घ्यायची न् दुसऱ्याची न्हाई, हा कुठला इन्साफ?" मला काही उमगलं नाही.

आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. सिनेमा सुरू झाल्यावर ती नेहमीसारखी मोठ्यानं बोलत होती. ह्याची पगडी आपल्या पगडीपेक्षा हलकी, ह्याचा अंगरखा भाड्याचा नसणार, गळा दुसऱ्याचा न् ओठ नुसते ह्याचे. मागचा माणूस दोनदा शुक शुक करून दमला. मग पडद्यावर तो पहिल्यांदा कुपीचं बूच काढून गाऊ लागला, आणि आत्या बोलायची थांबली. ती पुढं मध्यंतरापर्यंत बोलली नाही. मध्यंतरात मी घेतलेले खारे दाणे तसेच तिच्या ओच्यात राहिले. वाटलं, गेली मामांची पगडी.

खेळ सुटला तशी आत्या माझ्या आधी उठून दारात जाऊन उभी राहिली. कुपी उघडली आणि बाहेर पडणाऱ्या लोकांना म्हणू लागली, "या, अत्तर लावून घ्या." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण जालन्याची जनता काय सांगू! आताच विषारी अत्तरानं माणसं मरताना बघून आलेली, आणि फुकट अत्तर म्हटल्यावर झुंबड. एका ऑटोवाल्यानं तर दोन्ही मनगटं झाल्यावर कानामागंही लावून घेतलं आणि उद्याही असणार का, म्हणून चौकशी केली. एकानंही हात मागं घेतला नाही. कुपी बघता बघता तळाला गेली.

माझा जीव भांड्यात पडला. पडद्यावरचा साफ नापास झाला होता. मी खुशीत येऊन कुपी तिच्या हातातून घेतली आणि म्हटलं, शेवटचा थेंब हायकोर्टाला. बूच तिच्या मनगटाला लावायला गेले, तर आत्यानं झटकन हात मागं घेतला. पदराखाली. मग आपल्याच हाताकडं बघत राहिली.

मी तिला त्या रात्री खूप समजावलं. म्हटलं, दारातलं काय झालं ते सांग, तुझ्या हाताचं सांगू नको, कुणाला कळणार आहे? ती म्हणाली की मला कळलंय. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिच्याबरोबर गावी गेले, कारण घरात काय होणार ते मला दिसत होतं.

मामा अंगणात बाजेवर वाट बघत बसले होते. आत्यानं पाणीसुद्धा न घेता सगळं सांगितलं, ऑटोवाल्यासकट. मामा हसायला लागले. आणि मग ती म्हणाली, "पर मी हात मागं घेतला."

मामांचं हसू तिथंच राहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी जे झालं नव्हतं, ते परक्यासाठी झालं होतं. ते उठले, पगडी आणली आणि दारातून बाहेर पडायला लागले. आत्या त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"निकाल अर्धाच ऐकून कुठं चालले? तुमचा गळा त्याच्याहून सरस हाये, त्याला तर स्वतःचा गळाच न्हाई. तान तुमची भारी. पर विषाचं गाणं म्हणताना तुम्ही दर कडव्याला माझ्याकडं बघता. बरं चाललंय का, असं डोळ्यानं इचारता. तो कुणाला काही इचारत न्हाई. मंग मला तिथं अत्तरवाला कुठून दिसावा? माझा नवराच दिसून राह्यला ना."

मामा पगडी घेऊन परत बाजेवर बसले. मग म्हणाले की मी बघतो हे मलाच ठाऊक नव्हतं. पगडी परत कपाटावर गेली. जत्रेपर्यंत त्या घरात दोघांचं बोलणं मीठ-भाकरीपुरतंच होतं, असं मला नंतर शेजारणीनं सांगितलं. मामा तालमीहून घरी यायचे, जेवायचे आणि भिंतीकडं तोंड करून गुणगुणायचे. त्या भिंतीवर पाल होती म्हणे, पण ते उठले नाहीत.

त्या वर्षीचं नाटक मी आत्याच्या मांडीला मांडी लावून बघितलं. मामा रंगमंचावर आले आणि त्यांनी एकदाही आमच्याकडं बघितलं नाही. नजर आमच्या अंगावरून जायची, पण आम्ही तिथं नव्हतोच. गाणंसुद्धा एरवीसारखं खणखणीत नव्हतं, दबकं, लाडीगोडीचं होतं. आपल्या वासराला कुरवाळताना ते जसे बोलतात तसे ते त्या साक्षीदाराशी बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांनी बूच काढलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आत्यानं पान तोंडात धरलं होतं, ती ते चावायची विसरली. कॅसेटवाली पोरं पुढं चिडीचूप बसली होती.

दुसऱ्या दुपारी पंगत बसली. मामा कुपी घेऊन निघाले आणि हात भराभर गुडुप झाले. पण आज कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं, सगळं गाव माना वळवून टोकाला बघत होतं. वाढपी भाताचं घमेलं घेऊन तसेच उभे. मामा आत्यासमोर वाकले. आत्यानं नेहमीसारखा उजवा हात उचलला. अर्ध्यापर्यंत आणला. मामांनी बूच काढलं, आणि आत्यानं तो हात असा काही मागं ओढला की शेजारच्या बाईची आमटी सांडली.

मामा खुळ्यासारखे हसायला लागले. त्यांनी अख्खी कुपी स्वतःच्या डोक्यावर, पगडीवर, कुडत्यावर उपडी केली आणि बायकांच्या पंगतीत आत्याच्या शेजारी मांडी घालून बसले. वाढा, म्हणाले. भाताला, आमटीला, जिलबीला, सगळ्याला त्या दिवशी अत्तराचा वास येत होता. असं सुगंधी जेवण मी पुन्हा कधी जेवले नाही, आणि पुन्हा जेवायची इच्छाही नाही.

नंतर भांडी घासताना मी आत्याला खोदून खोदून विचारलं की खरं सांग, नवऱ्याचं मन राखलंस ना? ती राखेनं माखलेला हात थांबवून माझ्याकडं बघत म्हणाली, "सिनेमातल्याला मी खोलीवर भात शिजेपर्यंत इसरले. ह्यांच्यापायी आज सकाळी लई पंचाईत झाली. रोज सकाळचा चहा तेच करतेत ना. मी कप हातात घेऊन बसले, पिऊ का नको पिऊ, इचार करत. अनोळखी माणसाला कुणीबी भ्यायल. वळखीच्याला भ्यायला लावायचं म्हंजे लई मोठं काम." मग चहा प्यायलीस का, म्हटलं, तर म्हणाली की आधी त्यांना एक घोट पाजला. हायकोर्टाचा निकाल हा असा लागला, आणि मामांची पगडी पुढं बरीच वर्षं त्यांच्याच डोक्यावर राहिली. मीही तेव्हापासून नाटक-सिनेमा बघून आले की दुसऱ्या सकाळच्या चहापर्यंत मत देत नाही.

पुढं घरोघरी टीव्ही आले, पेटीवाले वारले, नाटक बंद पडलं. पंगतीतलं अत्तर मात्र मामांनी घरात चालू ठेवलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ते कुपी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि आत्या हात पदराखाली घ्यायची. दोघंही म्हातारे झाले होते आणि दोघंही खळखळून हसायचे. तिच्या शेवटच्या आजारपणात जालन्याच्या दवाखान्यात ती बोलेनाशी झाली होती. मामांनी सदऱ्याच्या खिशातून कुपी काढली. तिच्या एका हाताला सलाईन होतं. दुसरा हात तिनं हळूहळू सरकवत चादरीखाली नेला, आणि डोळे मिटून हसली. नर्सबाईला वाटलं पेशंटला थंडी वाजतेय, तिनं आणखी एक चादर आणून घातली. आम्ही तेव्हाही हसलो.

आत्या गेली त्या दिवशी बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. मामा बाजूला बसून होते. सगळं झाल्यावर ते उठले, तिच्याजवळ खाली बसले आणि बूच काढून तिच्या मनगटावर अत्तर लावलं. एका, मग दुसऱ्या. बराच वेळ हात तसाच धरून बसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले,

"आज नापास झालो बघ मी."