भूगोलाचे सर सहलीला निघतात

स्टाफरूममधल्या टेबलावर चहा सांडला की आम्ही फडकं शोधायचो आणि भूगोलाचे सर त्यात बोट बुडवायचे. "हे सोलापूर," म्हणून एक ठिपका. मग बोट हळूहळू खाली ओढत, "हे विजापूर, हितनं पुढं बागलकोट, आन् ही आली बदामी." नकाशा वाळायच्या आत सहल ठरलेली असायची. बोट रुमालाला पुसून सर म्हणायचे, "आपलं आपण जायचं की मॅडम. झेंड्यामागं कशाला?"

तुमच्या ऑफिसात, कॉलनीत असा एक माणूस असणारच. गाडीचा नंबर विचारला की वेळ आणि प्लॅटफॉर्मही सांगणारा. आमचे सर त्यातलेच, पण चार पावलं पुढचे. मूळचे सांगोल्याकडचे. वर्गात 'आहे' म्हणायचे आणि स्टाफरूमच्या उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं की 'हाय'. मी मराठी शिकवायची, त्यामुळे ही गंमत माझ्या कानांना रोज मिळे.

सरांचा राग एकाच गोष्टीवर होता: टूर कंपन्या. कुणी पाच रात्री सहा दिवसांची रंगीत पुस्तिका घेऊन आलं की सरांचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. त्यांच्या वडिलांनी मेंढरं राखलेली. सर सांगायचे की मेंढराला वाटेत हिरवं दिसलं तर ते थांबतं, या लोकांना तेवढीही मुभा नसते. गाइडचा झेंडा वर गेला की चला, झेंडा खाली आला की जेवा.

हे इतकं पटण्यासारखं होतं, की एका दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा नवरा, सर आणि वहिनी असे चौघं बदामीला निघालो. आपलं आपण.

गाडीत बसल्यावर सरांनी शंभर पानी वही काढली. त्यात प्रत्येक मिनिट लिहिलेलं होतं. पाच चाळीस ते पाच पन्नास या रकान्यात लिहिलं होतं: शांतता. मी विचारलं, ही कसली शांतता? सर म्हणाले, तळ्याकाठी बसायचं, कुणी बोलायचं नाही, दहा मिनिटं. माझा नवरा हसायला लागला तशी सरांनी घड्याळ बघून त्याला सांगितलं की हसण्याची वेळ रात्री जेवणानंतर आहे. हे त्यांनी गमतीनं म्हटलं असं आम्ही समजलो. तसं नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

खायचं सगळं घरून आणलेलं होतं. वहिनींनी दोन दिवस बसून कडक भाकरी थापल्या होत्या; शेंगाची चटणी, दह्याची मिरची, आणि चहासाठी छोटा स्टोव्हसुद्धा. बाहेरच्या खाण्यात वेळ जातो, हे सरांचं म्हणणं. वहिनी अक्कलकोटकडच्या, माहेरी कन्नड बोलणाऱ्या. कमी बोलायच्या. खूश असल्या की तोंडातून कन्नड निघायचं. त्या दोन दिवसांत मी एकही कन्नड शब्द ऐकला नाही, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या संध्याकाळी तळ्याकाठी आम्ही ठरल्याप्रमाणे शांत बसलो होतो. सरांनी वही मांडीवर ठेवून डोळे मिटलेले. एक माकड आलं. त्यानं आमच्या तिघांकडे एकेकदा बघितलं, वही उचलली आणि शेजारच्या कातळावर जाऊन बसलं. मी सरांना हाक मारणार होते, पण पाच चाळीस ते पाच पन्नास बोलायचं नव्हतं. खरं सांगते, मला बोलायचंही नव्हतं. माकड एकेक पान फाडून खाली सोडत होतं आणि आमची उद्याची सहल तळ्यावर तरंगत चालली होती. नवऱ्यानं तोंडात रुमाल कोंबला होता.

सरांनी डोळे उघडले, वर पाहिलं, आणि शांतपणे वहिनींकडे वळले. "दुसरी प्रत काढ."

वहिनींच्या पर्समध्ये सगळ्या वहीची घडी घातलेली नक्कल होती. पर्स उघडताना त्यांचा हात क्षणभर थांबला. पुढे कितीतरी दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "ताई, माझ्या मनात आलं होतं, नाही आणली म्हणून सांगावं."

पुढच्या मार्च महिन्यात वहिनी एकट्या शहरातल्या एका टूर कंपनीच्या ऑफिसात गेल्या आणि सिमला-मनालीसाठी दोन नावं देऊन आल्या. मग घरी येऊन सरांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले ते हरवल्यासारखे. मधल्या सुट्टीत त्यांनी मतदान घेतलं: टूर की आपलं आपण? गणिताच्या बाई, पीटीचे सर, क्लार्क, सगळ्यांनी हात वर केले. सरांना वाटलं होतं निकाल आपल्या बाजूनं लागेल. निम्मे हात झेंड्याकडे गेले. बायकांचे तर सगळेच. सरांना हे कोडं सुटेना. संध्याकाळी ते मला घरी घेऊन गेले, वहिनींना समजावायला.

मीही आपली समजावायला लागले. स्वतंत्र फिरण्यात कशी मजा असते, मनासारखं थांबता येतं, वगैरे. वहिनींनी ऐकून घेतलं. मग सरांना विचारलं, "बदामीच्या लेण्यात तो नाचणारा शंकर आहे, त्याला हात किती?"

"अठरा," सर लगेच म्हणाले.

"मी नाही बघितला. मी खाली पायरीवर भाकरीच्या पिशव्या राखत बसले होते, माकडं नेतील म्हणून."

त्या लेण्यात मी पाऊण तास होते, शंकराच्या अठरा हातांचे फोटो काढले होते, आणि वहिनी सोबत नाहीत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

वहिनी पुढे एवढंच म्हणाल्या, की सकाळी उठल्यावर चहा दुसऱ्या कुणीतरी केलेला असावा. बाकी कुठेही न्या.

मी तिथल्या तिथे आमच्या दोघांची नावं द्यायचं ठरवलं. काही लाजेनं, काही सर झेंड्यामागे कसे चालतात ते बघायला.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सिमल्यात होतो. आमच्या सहलीला झेंडा नव्हता. गाइड म्हणून मिरजेच्या एक उंच ताई होत्या, त्यांच्या हातात केशरी छत्री. छत्री उघडली की चाळीस माणसं मागे. सर छत्रीमागे चालले नाहीत. ते समोरच्या फुटपाथवरून, त्याच वेगानं, एकटे चालले. छत्री थांबली की तेही समोर थांबायचे आणि होकायंत्र काढून बघायचे. सहलीतल्या एका आजींनी मला हळूच विचारलं, ते पलीकडचे गृहस्थ आपला पाठलाग करताहेत का?

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली आणि चहा आला. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसल्या, दोन्ही हातांत कप धरून. त्यांनी तो चहा इतका हळू प्यायला, की सर त्यांच्याकडे बघत राहिले आणि त्यांचा स्वतःचा निवला. हे सरांनीच मला सांगितलं. म्हणाले, "पंचवीस वर्षांत तिला बसून चहा पिताना बघितलं न्हवतं की हो मॅडम."

त्या दिवसापासून सर बिघडले. आधी फुटपाथ ओलांडून अलीकडे आले. मग रांगेत. तिसऱ्या दिवशी ते छत्रीच्या बरोब्बर मागे होते. चौथ्या दिवशी बसमध्ये चढणाऱ्यांची डोकी मोजत दारात उभे. नाश्त्याला काय आहे हे त्यांना आदल्या रात्रीच पाठ. अंताक्षरीत त्यांनी नद्यांची नावं गाऊन गुण मागितले आणि मिळवलेही. आजींना यायला दोन मिनिटं उशीर झाला, तर म्हणाले, "सव्वाआठ म्हंजे सव्वाआठ, आजी." मिरजेच्या ताई मला म्हणाल्या, हे निवृत्त झाल्यावर आमच्याकडे येतील का?

मनालीच्या वाटेवर बस चहाला थांबली. पंधरा मिनिटं. रस्त्याच्या खालच्या अंगाला चेरीची बाग होती. चार-पाच बायका झाडाखाली सतरंजी पसरून चेऱ्या निवडत होत्या, देठासकट छोट्या खोक्यांत रचत होत्या. चहा झाला, सरांनी डोकी मोजली. एक कमी भरलं. पुन्हा मोजली. मग त्यांच्या लक्षात आलं की कमी असलेलं डोकं त्यांच्याच घरचं आहे.

सर आणि मी खाली उतरलो. वहिनी त्या बायकांत बसल्या होत्या. पदर खोचलेला, पुढ्यात लाल ढीग. लग्नानंतरची पहिली दहा वर्षं त्या सांगोल्याला सासरच्या डाळिंबाच्या बागेत राबल्या होत्या. फळ हातात आलं की बोटं आपोआप चालायची. त्या भराभरा बोलत होत्या. कन्नडमध्ये. त्या बायका त्यांच्या पहाडी बोलीत उत्तर देत होत्या, आणि सगळ्या मिळून कशाला तरी पोट धरून हसत होत्या.

वरून बसचा हॉर्न वाजला.

सर म्हणाले, चल, उशीर होतोय. वहिनींनी मान वर केली नाही. "तुम्ही जावा पुढं. एवढा ढीग संपवून येते मी."

"येशील कशी?"

"बस असतील की रस्त्यावर. विचारत येईन."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, वर बसकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. तोवर मिरजेच्या ताई छत्री घेऊन उतारावर आल्या. त्यांनी सांगितलं की आपण चाळीस जणांना थांबवू शकत नाही. मागून यायचं असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर या, हे हॉटेलचं कार्ड. कार्ड त्यांनी सरांच्या हातात दिलं. सर ते उलटंसुलटं करत राहिले. मी त्यांना पंधरा वर्षं ओळखत होते. गाडी सुटते आहे आणि सर बाहेर आहेत, असं कधी घडलेलं नव्हतं. ते घाबरले होते.

मग त्यांनी पँट गुडघ्यांशी जरा वर ओढली आणि सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसले. वहिनींनी न बघताच एक रिकामं खोकं त्यांच्याकडे सरकवलं.

मी बसमध्ये चढले. याचं मला आजही वाईट वाटतं. खिडकीतून मागे बघितलं तर सर एक चेरी उजेडात धरून तपासत होते, पेपर तपासतात तशी.

मनालीला पोचलो. पाच वाजले, सहा वाजले. दरीत रेंज नव्हती, दोघांचेही फोन लागेनात. सरांची पिशवी माझ्यापाशी राहिली होती आणि होकायंत्र त्या पिशवीत. ताई दर दहा मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन येत होत्या. आजींनी जप सुरू केला. दिवेलागणीला हॉटेलच्या दारात भाजीचा एक टेम्पो थांबला आणि मागच्या फळीवरून दोघं उतरले. बोटं लाल, सरांच्या पांढऱ्या शर्टावर लाल ठसे. दोघांनाही हसू आवरेना. वहिनी सांगायला लागल्या की सर हसायचे, सर सांगायला लागले की वहिनी. शेवटी कळलं ते असं: बागेतून निघाल्यावर सरांनी मोठ्या आत्मविश्वासानं एका बसला हात केला, आणि ती बस उलट्या दिशेला गेली. पाऊण तास. भूगोलाचे सर नदीकडे बघत वहिनींना समजावत होते की आपण उत्तरेला चाललोय. कंडक्टरनं शेवटच्या थांब्यावर उतरवलं तेव्हा उलगडा झाला.

"आयुष्यात पयल्यांदा चुकलो, मॅडम," सर डोळे पुसत म्हणाले. "लई भारी वाटलं."

जूनमध्ये शाळा उघडली. सगळे त्यांच्याभोवती जमले; आता त्यांचं मत ऐकायचं होतं. टूर चांगली की आपलं आपण? सरांनी बराच विचार केला. मग म्हणाले की टूर घ्यावी, चहा प्यावा, आणि कुठंतरी मधेच उतरावं. पीटीचे सर म्हणाले, हे काय उत्तर झालं? सर म्हणाले, "हिला विचारा. आता ती ठरवती."

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. तेव्हापासून त्यांच्या घराला कुलूप जास्त आणि उघडं दार कमी दिसतं. स्टाफरूमचं टेबल नवं आलं. त्यांच्या जागी आलेली भूगोलाची मुलगी हुशार आहे, पण चहा सांडला की फडकं आणते.

परवा आमच्याकडे भांडण झालं. नवऱ्याला केरळ टूरबरोबर बघायचं होतं, मला आपलं आपण. निकाल लावायला मी सरांना फोन केला. वहिनींनी उचलला. मागे वारा होता, आणि कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी म्हटलं, वहिनी, तुमची बस सुटतेय वाटतं. त्या म्हणाल्या, सुटू दे, हे खाली ओढ्यात उतरलेत.

"पण आहात कुठे तुम्ही?"

"थांबा हं, विचारते." त्यांनी फोन कानापाशीच ठेवून हाक मारली, "अहो, ताई विचारतात, आपण कुठं आहोत?"

लांबून, पाण्याच्या आवाजातून सरांचं उत्तर आलं.

"काय की!"