पेंटरने न केलेली चूक

आमच्या सौंसरचा पेंटर प्रत्येक अक्षर रंगवून शिडीवरून उतरतो, लांब जाऊन ते न्याहाळतो आणि "जमलं बुवा" असं स्वतःलाच सांगतो. घाई केली तर ब्रश तुमच्याच हातात देतो.

मी आमदारांचा स्वीय सहायक होतो. बसस्टँडच्या पाणपोईवर आमदारांच्या नावाच्या खाली देणगीदार म्हणून एका रेती ठेकेदाराचं नाव मीच पेंटरकडून लिहून घेतलं. पुढे त्याच्या चोरट्या रेतीचा बोभाटा झाला. "मी त्याला ओळखत नाही," आमदार म्हणाले. ठेकेदार रोज त्यांच्याच पंगतीला असायचा. तरी पेंटरने चुकून नाव लिहिलं, असं मी पत्रकारांना सांगितलं. पेंटरची सरकारी कामं बंद झाली. मला रामराम करणं त्याने कधी बंद केलं नाही.

काल चहाच्या टपरीवर तो बसला होता. चार लोकांदेखत मी म्हणालो, "चूक याची नव्हती. ते नाव मीच लिहायला सांगितलं होतं."

पेंटर खुशीत हसला. "जोरात सांगा ना बाबूजी! मागच्या बाकावरचे ऐकूनच नाही राहिले."

मी उभा राहिलो. या वेळी आमदारांचं नावही घेतलं.