आबासाहेबांची मोटार आणि भुजंगचा पाना

सेलूच्या भुजंग मिस्त्रीला इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं कळायचं. माणसांचं बोलणं मात्र तो अर्ध्यातच तोडायचा, आणि बायको बोलत असली तर विचारूच नका.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात सोनपेठचे आबासाहेब आपली मोटार घेऊन त्याच्याकडे आले. वडिलांनी हैदराबादहून आणलेली ती अमेरिकन गाडी वजनानं भरल्या बैलगाडीसारखी, आणि चढाला चालही तशीच.

"दिवाळीत एस.टी. मला मागं टाकून गेली," आबासाहेब म्हणाले. "वरून कंडक्टरनं हात हलवला. पुढल्या महिन्यात आमच्या व्यंकटरावाचं लग्न हाय, पालमला. पोरगा ह्याच गाडीत जाईल, अन् एस.टी.च्या म्होरं जाईल. काय करायचं ते कर."

भुजंगनं आठ दिवस डोकं खाजवलं. जुनं पेट्रोल इंजिन बोअर करून, म्हणजे आतून रुंदावून, मोठे पिस्टन घालावेत, तर एवढ्या धुडाला तेवढ्यानं काय होणार? शेवटी भंगारातल्या ट्रकचं डिझेल इंजिन बसवलं. ते दमदार, पण सावकाश फिरणारं. म्हणून वेगासाठी त्यानं मागच्या चाकांमधली दातेरी चक्रंही बदलली. आता पहिल्याच गिअरला गाडी उधळल्या खोंडासारखी सुटायची.

डबा घेऊन आलेल्या मनकर्णानं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "आवं, लग्नाची गाडी पळवायची असती का मिरवायची? ब्यांडामागं..."

"तुला काय कळतंय त्यातलं," म्हणून भुजंगनं तिला गप्प केलं. वर चहाच्या टपरीवर दहा माणसांत छाती ठोकली, "एस.टी. ह्या गाडीच्या पुढं गेली तर पाना खाली ठेवीन. पुन्हा हातात धरणार न्हाई."

लग्नादिवशी तो स्वतःच स्टिअरिंगवर बसला. गंगाखेडच्या पुढच्या चढावर त्यानं वऱ्हाड घेऊन निघालेली एस.टी. अशी मागं टाकली की आबासाहेबांनी खिडकीतून पटका हलवला. भुजंगला आभाळ ठेंगणं झालं.

पालमला नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला. पुढं ब्यांड, मागं गाडी. ब्यांडवाले दहा पावलं चालत आणि थांबून एक अख्खं गाणं वाजवत. गाडीला मात्र हळू चालणं ठाऊकच नव्हतं. तासभर भुजंग क्लचवर पाय दाबून तिला आवरत राहिला. स्टँडासमोर जळका वास आला, धूर निघाला, आणि क्लच प्लेट जळून गाडी जागेवर बसली.

तेवढ्यात मागं टाकलेली ती एस.टी. गावोगाव थांबत आली. हॉर्न वाजवत उभ्या गाडीच्या पुढून स्टँडात शिरली.

भुजंगचं तोंड उतरलं. त्यानं खिशातला पाना काढून रस्त्यावर ठेवला.

"उचल तो," आबासाहेब म्हणाले.

"धा माणसांत बोललो व्हतो, आबासाहेब."

"पळत्या गाडीचं बोलला व्हतास. उभ्या गाडीला म्हैसबी मागं टाकती."

भुजंगला राहवलं नाही. "बायकोनं इचारलं व्हतं, गाडी पळवायची का मिरवायची. म्याच ऐकून घेतलं न्हाई."

आबासाहेबांनी वाकून पाना उचलला आणि त्याच्या हातात दिला. "मग आता तिला इचारून दुरुस्त कर."

एस.टी.तून उतरलेलं वऱ्हाड गाडीला भिडलं. धोतर खोचून आबासाहेबांनीही खांदा लावला. ब्यांड चालला की गाडी चालायची, ब्यांड थांबला की थांबायची. मागून ढकलताना भुजंगला मनकर्णाचं राहिलेलं वाक्य आपोआप पुरं ऐकू आलं: "ब्यांडामागं गाडीलाबी पायीच चालावं लागतंय."